ओल दिसते तिथं गळत नसतं

वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

मृग लागल्यापासून आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त तक्रार एकच आहे: गाडीत पाणी येतंय. म्हणून या वेळी क्लच, बॅटरी, अ‍ॅव्हरेज सगळं बाजूला ठेवलंय आणि फक्त पाण्यावर बोलणार आहे.

मी लातूरचा. २०१६ साली आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. पाणी येत नाही, हीच आमची जन्माची तक्रार. त्यामुळं गाडीत पाणी शिरलं तर ते कसं शोधायचं, हे आमच्या भागात कुणी नीट शिकलंच नाही, ना मालक, ना मिस्त्री. त्यात गाडी आठ महिने उन्हात भाजते, रबरं वाळून कडक होतात, फटीफटीत धूळ बसते आणि मग एका रात्रीत आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो. गाडी गळाली की जो तो सिलिकॉनची नळी घेऊन धावतो. मला तेच थांबवायचंय.

प्रश्न (एक शिक्षिका, उदगीर): मिस्त्रीदादा, माझी गाडी पाच वर्षांची आहे. उदगीरहून देवणीला शाळेत रोज जाणं-येणं असतं. जूनपासून ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं होतंय. इथल्या गॅरेजमध्ये पुढच्या काचेला दोनदा सिलिकॉन मारलं, तरी ओल आहेच. आता गाडीत कुबट वास येतो, मुलाला शिंका येतात. काच बदलावी लागेल का?

उत्तर: ताई, काचेला हात लावू नका. आधी एक गोष्ट बघा. ज्या दिवशी पाऊस नसतो, पण तुम्ही एसी लावून जाता, त्या दिवशी ओल वाढते का?

हे मी का विचारतो ते सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी औशाच्या एका गुरुजींची गाडी माझ्याकडं आली होती. तक्रार हीच, जागा हीच. मी काचेभोवती सिलिकॉन भरलं. पंधरा दिवसांनी ते परत आले, मी परत भरलं. तिसऱ्यांदाही तेच केलं. चौथ्यांदा आले तेव्हा आठ दिवस पावसाचा थेंब नव्हता आणि कार्पेट पिळलं तर वाटीभर पाणी निघालं. तेव्हा मला कळलं की हे आभाळातलं पाणी नाही. गाडी स्वतःच ते तयार करत होती. गुरुजींचे पैसे मी परत केले. तेव्हापासून गाडीत पाणी येतंय म्हणून कुणी आलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो: पाऊस नसताना येतं का?

डॅशबोर्डच्या आत एसीची कूलिंग कॉइल असते. थंडगार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसा त्या कॉइलवर हवेतला ओलावा पाणी होऊन जमतो. कॉइलच्या खाली तबक असतं आणि तबकातून एक रबरी नळी फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून, बाहेर जाऊन रस्त्यावर पाणी सोडते. दमट दिवसांत तासाभरात अर्धा-एक लिटर पाणी सहज निघतं. ही नळी धूळ, पानांचा चुरा आणि शेवाळासारख्या चिकट गाळानं तुंबते. आमच्याकडं तर मी दोनदा त्या नळीत कुंभारीण माशीनं केलेलं मातीचं घर पाहिलंय. नळी तुंबली की तबक भरतं आणि पाणी आतल्या बाजूला, पायात उतरतं. बहुतेक गाड्यांत ते डाव्या बाजूलाच पडतं.

आता फसगत कुठं होते ते बघा. एप्रिल-मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की कॉइलवर पाणी फार जमतच नाही. नळी तेव्हाही तुंबलेलीच असते, पण कळत नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की पाणी सुटतं. नेमका त्याच वेळी पाऊस चालू झालेला असतो आणि सगळा आळ पावसावर जातो. तुमचीही तक्रार जूनचीच आहे, म्हणून माझा संशय इथंच आहे.

घरी तपासायचं असेल तर गाडी सपाट, कोरड्या जागी उभी करा. उघड्यावर करा, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. एसी पूर्ण गार करून वीस मिनिटं चालू ठेवा आणि बोनेटच्या मागच्या भागाखाली एक कोरडा पुठ्ठा सरकवा. पावसाळी दिवसांत त्यावर थेंब-थेंब पाणी पडलंच पाहिजे. पुठ्ठा कोरडा राहिला आणि आतलं कार्पेट ओलं झालं, तर दोष सापडला.

दुरुस्ती लहान आहे. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेऊन खालून ती नळी शोधायची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका. नळीत मऊ नायलॉनची दोरी अलगद फिरवायची किंवा व्हॅक्यूमनं गाळ ओढून घ्यायचा. टायरला हवा भरायच्या जोरात कॉम्प्रेसर लावला तर नळी आतल्या बाजूनं तबकापासून निसटते, आणि मग डॅशबोर्ड खोलायचं काम निघतं. हे मिस्त्रीला तुम्ही स्वतः आधी सांगा. गाळ निघाला की तबकात साचलेलं सगळं पाणी भसकन बाहेर येतं. ते पाहिल्यावर तुमची खात्री पटेल.

राहिला वास. वरचं कार्पेट हाताला कोरडं लागलं म्हणजे आतून वाळलं, असं नसतं. त्याखाली जाड फोम नाहीतर नमद्यासारखा थर असतो, तो स्पंजासारखा पाणी धरून बसतो. दोन-तीन दिवस ओला राहिला की बुरशी धरते. तुमच्या मुलाच्या शिंका बहुधा त्याच्याच. सेंटच्या बाटल्या लावून ही बुरशी जात नाही. कुशनवाल्याकडून सीट काढून कार्पेट उचलून घ्या, खालचा थर बाहेर काढून उन्हात पूर्ण वाळवा, जमिनीचा पत्रा पुसून गंज आहे का बघा. सीट काढण्याआधी बॅटरीची मायनस तार काढून दहा मिनिटं थांबायला सांगा. सीटखालून एअरबॅगच्या आणि सीटबेल्टच्या वायरी जातात, बॅटरी चालू असताना त्या सोडवायच्या नाहीत. एसी फिल्टरही त्याच वेळी नवा घाला.

आणि ते दोनदा मारलेलं सिलिकॉन? पुढं कधी काच खरंच काढावी लागली, तर ते कणकण खरवडून काढायला लावा. काच बसवायचा जो खरा चिकट मसाला असतो, युरेथेनचा, तो सिलिकॉनवर धरत नाही. शिवाय ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते उघड्या पत्र्याला गंज आणतं. म्हणजे उपायच पुढच्या दुखण्याचं मूळ होतो.

प्रश्न (पशुवैद्यक, भूम): घरासमोर कडुलिंबाचं मोठं झाड आहे, गाडी कायम त्याच्या सावलीत असते. मोठा पाऊस झाला की ब्लोअर लावल्यावर पाण्याचा खळखळ आवाज येतो आणि डाव्या बाजूला पाणी पडतं. एसीची नळी साफ करून झाली आहे.

उत्तर: डॉक्टरसाहेब, झाड चांगलं आहे, पण त्याचा पाला कुठं जातो ते बघा. बोनेट उघडा. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली, प्लास्टिकची जाळी दिसेल. काचेवरचं सगळं पाणी या जाळीतून खालच्या पन्हाळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांच्या बाजूला निघून जातं. त्याच पन्हाळीतून ब्लोअर बाहेरची हवाही ओढतो. लिंबाची बारीक पानं जाळीतून अलगद आत जातात, कुजतात, त्यांचा लगदा होतो आणि भोकं बंद होतात. पन्हाळ भरली की पाणी हवेच्या वाटेनं ब्लोअरमध्ये आणि तिथून पायात. घराच्या पत्र्याच्या पन्हाळीत पाला अडकला की पाणी भिंतीवर उलटतं, तसंच हे.

वायपर आणि ती जाळी काढून लगदा हातानं उचला. पाण्याच्या जोरानं आत ढकलू नका, तो भोकातच जाऊन बसतो. मग तांब्यानं थोडं-थोडं पाणी ओता आणि दोन्ही बाजूंनी ते खाली पडतंय का बघा. एसी फिल्टर काढून बघा, त्यावर पाण्याचे डाग आणि पानांचा चुरा असेल तर निदान पक्कं. जाळी परत बसवताना तिच्या खालची रबरी पट्टी जागेवर बसली पाहिजे. ती तुटलेली असेल तर भोकं साफ करूनही पाणी आत जाईल. लिंबाखालीच गाडी लावायची तर मृगाआधी एकदा आणि पानगळीनंतर एकदा ही सफाई कराच.

प्रश्न (तरुण वाचक, जालना): माझ्या सनरूफच्या गाडीत छताच्या कापडावर चहासारखे डाग पडलेत आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या हँडलजवळून थेंब पडतात. शोरूमबाहेरच्या एका दुकानात सनरूफच्या काचेभोवती पारदर्शक सीलंट लावून घेतलं. आता सनरूफ उघडतही नाही आणि गळतंही आहे.

उत्तर: भाऊ, सनरूफबद्दल एक गैरसमज सगळीकडं आहे की त्याच्या रबरानं पाणी पूर्ण अडतं. ते तसं बनवलेलंच नसतं. थोडं पाणी काचेच्या कडेनं आत येणार हे बनवणाऱ्यानं धरलेलं असतं. म्हणून काचेखाली चारी बाजूंनी एक चौकट-पन्हाळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या निघतात. पुढच्या दोन नळ्या काचेच्या बाजूच्या खांबातून खाली येतात, मागच्या दोन मागच्या खांबातून बंपरच्या दिशेला जातात. त्या बाहेर कुठं निघतात ते गाडीगणिक बदलतं. पुढच्या बहुतेक वेळा पुढच्या दरवाजाच्या बिजागरीजवळ सापडतात.

तुमची एखादी नळी जालन्याच्या धुळीनं तुंबली असावी, नाहीतर वरच्या टोकाला निसटली असावी. आधी ते सीलंट काढा, रेझर पत्तीनं नको, रबर कापलं जाईल. सनरूफ उघडा, पन्हाळ ओल्या फडक्यानं पुसा आणि प्रत्येक कोपऱ्यात चहाच्या कपानं अर्धा कप पाणी सोडा. मित्राला खाली बघायला सांगा. पाणी लगेच खाली पडलं तर ती नळी साफ आहे. साचून राहिलं तर तुंबली आहे. पन्हाळीतून पाणी निघून गेलं, पण खाली पडलंच नाही, तर नळी आत कुठंतरी निसटली किंवा फाटली आहे, आणि तेच जास्त वाईट. मग लगेच थांबा, कारण ओतलेलं पाणी तुमच्या छतात किंवा कार्पेटखाली जातंय.

तुंबलेली नळी साफ करायला गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी चांगली, तिचं टोक जरा तापवून गोल करून घ्या. सायकलच्या ब्रेकची तार घालू नका, नळीला आतून भोक पडतं. निसटलेली असेल तर छताचं कापड उतरवावं लागतं. बऱ्याच गाड्यांत छताच्या कडेला आणि खांबाच्या आत एअरबॅग असते, म्हणून हे काम घरी स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून करायचं नाही. ज्याला त्या गाडीचं छत उतरवता येतं त्याच्याकडंच द्या. खर्च जरा जास्त होईल. पण छतातलं पाणी खांबातून खाली उतरून वायरिंगच्या जोडांवर बसलं, तर पुढं सेंट्रल लॉक, लाइट, डॅशबोर्डवरचे दिवे एकामागून एक दगा देतात. तो खर्च याच्या कितीतरी पट असतो.

प्रश्न (शेतकरी, सोनपेठ): मिस्त्री, आपली सात सीटांची गाडी हाय. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतंय, बादलीभर निघतंय. डिकीचं रबर नवं टाकलं, तरी तेच. आमच्या रस्त्यानं उन्हाळ्यात डिकीत धूळ पण लई येती. त्याचा काही संबंध हाय का?

उत्तर: मालक, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. इतक्या पत्रांत धुळीचं लिहिणारे तुम्ही एकटेच, आणि नेमकं तेच महत्त्वाचं. जिथून धूळ येते तिथूनच पाणी येतं. आमच्याकडं पाऊस चार महिने, धूळ आठ महिने, त्यामुळं मी गळती बऱ्याचदा धुळीवरूनच शोधतो.

डिकीतलं सगळं सामान काढा, बाजूची प्लास्टिकची पॅडं आणि तळाचं कापड काढा. आता टॉर्च तिरकी धरून पत्रा बघा. फट असेल तिथून धुळीची पंख्यासारखी पसरलेली खूण दिसते, टोकाला दाट आणि पुढं विरळ. दाट टोक म्हणजे फट. पावसाचं पाणी त्या धुळीतून ओघळलं असेल तर मातीची वाळलेली रेघही दिसेल. ती रेघ धरून वर-वर जात राहा. पाणी खड्ड्यात साचतं, पण ते तिथं शिरत नाही. पत्र्याच्या कडेनं, वायरच्या अंगावरून दोन-तीन फूट सरकत ते खड्ड्यापर्यंत येतं. डिकीचं रबर बदलूनही तुम्हाला गुण आला नाही, तो यामुळंच.

बघायच्या जागा: मागच्या दिव्यांच्या पाठीमागचा फोम, तो वाळून चपटा होतो. छतावर कॅरिअर बसवलं असेल तर त्याचे बोल्ट. अँटेनाचं बूड. छताच्या दोन्ही कडेला पत्र्याच्या जोडातला मसाला, तो तडकतो. मागच्या बंपरच्या आत, दोन्ही कोपऱ्यांत, हवा जायच्या झडपा असतात. दरवाजा लावताना कान दडपू नयेत म्हणून त्या ठेवलेल्या असतात, त्यांचं रबर निघालं की धूळ आणि पाणी दोन्ही येतात. तुमच्या गाडीत धूळ एवढी येते म्हणून मी आधी या झडपा आणि दिव्यांमागचा फोमच बघेन. मागून कुणी कधी ठोकली असेल आणि डेंटरनं पत्रा सरळ करून जोडात मसाला भरला नसेल, तरी असंच होतं. आणि मागच्या काचेला पाणी मारणारा वायपर असेल तर तेही बघा. त्याची बारीक नळी पुढच्या टाकीपासून छतातून मागं येते, डिकीच्या बिजागरीपाशी ती मोडते. मग पावसाचा संबंधच नसतो, तुम्ही बटण दाबाल तेवढं पाणी आत.

जागा पक्की करायला पाण्याची चाचणी घ्या. आधी सगळं कोरडं पुसा. संशयाच्या जागांवर आतून शाळेच्या खडूची भुकटी लावा. एका माणसाला टॉर्च देऊन डिकीत बसवा आणि डिकी लावा, चावी मात्र बाहेरच्या माणसाच्या हातात राहू द्या. बाहेरून साध्या नळीनं, धार न करता, पाणी सोडा. सुरुवात नेहमी खालून करायची. आधी बंपरपाशी दहा मिनिटं, मग दिव्यांपाशी, मग काचेच्या कडेला, शेवटी छतावर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. घाई करू नका. काही फटी पाच-सात मिनिटांनी थेंब देतात. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर गननं ही चाचणी घ्यायची नाही, त्या जोरानं चांगल्या रबरातूनही पाणी जातं.

फट सापडली की दिव्याचा फोम नवा टाका, झडप नवी टाका, पत्र्याच्या जोडातला जुना मसाला खरवडून सीम सीलंट भरा. फटीच्या बाहेरच्या बाजूनंच बंद करायचं. आतून बंद केलं तर पाणी पत्र्याच्या दोन थरांत अडकून गंज धरतं. खड्ड्याच्या तळाला रबरी बूच असतं, ते काढून पाणी सोडून द्या आणि परत बसवा. बूच काढून तसंच ठेवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. ऐकू नका, खालून रस्त्याचं पाणी आणि धूळ वर येईल.

रबरांवर डिझेल किंवा जुनं ऑइल चोळायची आपल्याकडं पद्धत आहे. दोन दिवस ती चमकतात, मग फुगून ढिली पडतात. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात उन्हाळ्याच्या आधी एकदा फिरवा, तेवढं पुरे.

प्रश्न (विद्यार्थी, नांदेड): मागच्या महिन्यात चारी दरवाजांत नवे स्पीकर बसवले. तेव्हापासून पाऊस आला की दोन दरवाजांखालचं कार्पेट भिजतं.

उत्तर: दरवाजाच्या काचेच्या फटीतून पाणी आत जातं, ते सगळ्याच गाड्यांत. ते दरवाजाच्या पोटातून खाली उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. पॅडमागं एक प्लास्टिकची शीट चिकटवलेली असते, ती हे पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर बसवताना ती फाडली असणार, नाहीतर परत नीट चिकटवली नसणार. पॅड काढून बघा. जाड प्लास्टिक मापानं कापून काळ्या ब्यूटाइल पट्टीनं चारी बाजूंनी चिकटवा, खालची कड कुठंही उघडी नको. दरवाजा हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज येत असेल तर तळाची भोकंही मोकळी करा. अ‍ॅम्प्लिफायरची वायर फायरवॉलमधून आणली असेल तर तिथलं रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवलेलं रबर, तपासा, त्याच भोकातून पाणी वायरच्या अंगावरून आत येतं. भोकात शिरण्याआधी वायर खाली झोकून वर घेतली की थेंब तिथंच गळून पडतो.

प्रश्न (निवृत्त लिपिक, हिंगोली): गाडी बारा वर्षांची आहे, फार फिरत नाही. पुढच्या काचेला आतून तेलकट धुकं बसतं, पुसलं की परत येतं. गाडीत गोडसर वास येतो. कार्पेटला थोडी ओल आहे, ती वाळतच नाही.

उत्तर: काका, हे पावसाचंही नाही आणि एसीचंही नाही. ते कूलंट आहे, इंजिन थंड ठेवणारं द्रव. पाणी वाळतं, कूलंट वाळत नाही, चिकट राहतं. बोटाला लावून बघा, पण चव अजिबात घेऊ नका. चाखून बघायची काही जणांना सवय असते. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, ते गोड लागतं आणि विषारी आहे. नातवंडं किंवा कुत्रं गाडीत असेल तर तोवर त्यांना तिथं बसवू नका.

डॅशबोर्डच्या आत हीटरची छोटी जाळी असते, रेडिएटरच्या धाकट्या भावासारखी. आपण हीटर वर्षातून चार दिवस लावतो, पण बऱ्याच गाड्यांत इंजिनचं कूलंट त्या जाळीतून कायम फिरत असतं. ती झिरपतेय. आता एक विचारतो, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घातलं होतं का? आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड, क्षाराचं. बादलीत जसा पांढरा थर धरतो तसा तो जाळीत धरतो आणि धातू खातो. माझ्याकडं आलेल्या झिरपणाऱ्या जाळ्यांपैकी बहुतेक अशाच गाड्यांतल्या होत्या.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंटची पातळी बघा, ती रोज उतरत असेल तर गाडी लांब नेऊ नका, इंजिन तापेल. गळती बंद करायची पावडर टाकू नका, ती रेडिएटरही तुंबवते. जाळी नवी बसवावी लागेल. डॅशबोर्ड खोलायचं काम आहे, एक-दोन दिवस लागतील. तोवर जाळी वगळून तिच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून द्यायचा तात्पुरता उपाय मिस्त्री करू शकतो, म्हणजे हीटर बंद पडेल पण गळती थांबेल. नंतर कंपनीनं सांगितलेलंच कूलंट घाला, आणि ते पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटरनंच.

प्रश्न (गृहिणी, बीड जिल्हा): सप्टेंबर २०२५ च्या पावसात आमच्या गावात नदीचं पाणी शिरलं, गाडी सीटपर्यंत बुडाली होती. यजमानांनी पाणी ओसरल्यावर लगेच चावी फिरवली, इंजिनातून आवाज आला आणि बंद पडलं. दुरुस्तीनंतर गाडी चालते, पण एअरबॅगचा दिवा लागतो, खिडक्या कधी चालतात कधी नाही, आणि वास जात नाही. पुढच्या वेळी काय करावं हेही सांगा.

उत्तर: ताई, त्या पावसानं मराठवाड्यात घरं, जनावरं, उभी पिकं नेली. त्यात तुमची गाडी परत चालती झाली हे चांगलं झालं. यजमानांना दोष देऊ नका. त्या घाईत शंभरातले नव्वद जण हेच करतात. पण पुढं कुणाच्या कामी येईल म्हणून लिहितो: बुडालेल्या गाडीची चावी फिरवायची नाही, धक्का मारून चालू करायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि मग पिस्टनचा रॉडच वाकतो. बॅटरीची मायनस तार काढा, पाणी कुठवर चढलं त्या रेघेचे फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलून न्या. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं काही मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी बुडाल्यावर चालू करायला जाऊन इंजिन मोडलं, तर ते नुकसान सहसा नाकारतात; त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची वेगळी जोड घ्यावी लागते. नूतनीकरणाच्या वेळी एजंटला एवढं एकच विचारा. बॅटरीवरची किंवा हायब्रिड गाडी असेल तर नारिंगी केबलला कुणीही हात लावू नये, कंपनीचा माणूसच बोलवा.

आता तुमच्या गाडीचं. इंजिन दुरुस्त झालं, पण केबिन झालेली नाही. आपली काळी माती पाण्याबरोबर जिथं जाते तिथं राहते. वरून वाळून भेगा पडतात, आत ओल धरून ठेवते. सीटच्या रुळांत, सीटबेल्टच्या गुंडाळीत, कार्पेटखालच्या वायरिंगच्या जोडांत ती बसलेली आहे. एअरबॅगचा दिवा आणि खिडक्यांची लहर त्यामुळंच. दिवा लागलेला असताना धडक झाली तर एअरबॅग उघडेल याची खात्री धरता येत नाही, म्हणून हे काम पुढं ढकलू नका.

सगळ्या सीटा, कार्पेट, दरवाजांची पॅडं बाहेर काढायला लावा. खालचा फोम वाळवत बसू नका, तो टाकून नवा घ्या. पुराच्या पाण्यात सांडपाणीही असतं. जमिनीवरून जाणारा प्रत्येक वायरिंग जोड सोडवून बघायचा. आत हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुऊन, वाळवून मगच जोडायचा, आणि पिना खाल्लेल्या असतील तर जोड बदलायचा. बऱ्याच गाड्यांत लाइट, लॉक, खिडक्या सांभाळणारा मोड्यूल डाव्या पायाच्या बाजूच्या पॅडमागं असतो, तो उघडून बघायला सांगा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. तळाशी मातीची रेघ दिसली आणि सोडल्यावर पट्टा झटकन परत गेला नाही, तर तो बदला. गिअर ऑइल दुधी चहासारखं दिसतंय का तेही एकदा बघून घ्या, इंजिनच्या गडबडीत ते राहून गेलेलं असतं.

आणि जुनी गाडी घेणाऱ्या सगळ्यांनी ही सीटबेल्टची परीक्षा लक्षात ठेवा. गाडी कितीही धुऊन, पॉलिश करून, सेंट मारून उभी केली तरी पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागातली माती सहसा कुणी धूत नाही.